प्रवेशिका आणि यंत्र : विद्यार्थी-चित्रफीतस्पर्धांच्या इतिहासाचे एक अवलोकन

१

मराठीत ‘प्रवेशिका’ हा शब्द तीन निरनिराळ्या व्यवहारांत रूढ आहे. स्पर्धेत भाग घेऊ इच्छिणारा जो अर्ज किंवा जी कृती संयोजकांकडे पाठवितो, तिला प्रवेशिका म्हणतात. एखाद्या शास्त्राचा आरंभीचा परिचय करून देणारे लहानसे पुस्तक ही दुसरी प्रवेशिका. सभागृहात शिरताना द्वारपालास जो कागद दाखवावा लागतो, तीही प्रवेशिकाच. तिन्ही अर्थांच्या मुळाशी दाराची कल्पना आहे. दार कोणासाठी उघडते, आत शिरणाऱ्याने हाती काय घेऊन यावयाचे असते, आणि आत आल्यावर तो काही शिकतो की नाही, हे तीन प्रश्न या एका शब्दात सामावलेले आहेत.

विद्यापीठाच्या आवारातील विद्यार्थ्यांनी चित्रफीत तयार करावी व ती स्पर्धेसाठी पाठवावी, ही गोष्ट आज इतकी परिचयाची झाली आहे की, तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः तो इतिहास सुमारे नव्वद वर्षांचा आहे. सामान्यतः तो पारितोषिके मिळविणाऱ्यांच्या नामावलीच्या रूपाने सांगितला जातो. अशी नामावली उपयुक्त असते; परंतु ती दाराच्या आतील माणसांपुरतीच असते. दाराबाहेर कोण राहिले व का राहिले, हे तिच्यावरून कळत नाही. ते कळण्यास स्पर्धांच्या अटी पाहाव्या लागतात. विषय, मुदत, लांबी, स्पर्धकाची पात्रता आणि विशेषतः चित्रणाचे यंत्र कोणी आणावयाचे, या रूक्ष वाटणाऱ्या बाबींतच या इतिहासाचे मर्म आहे. प्रस्तुत निबंधात त्या दृष्टीने काही ठळक टप्प्यांचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभी विषयवाचक शब्दाकडेही लक्ष देणे उचित होईल. ‘चित्रपट’ या शब्दातील ‘पट’ म्हणजे वस्त्र. कापडावर चित्रे रंगवून ती लोकांना दाखवीत कथा सांगण्याची प्रथा आपल्याकडे प्राचीन आहे. ‘मुद्राराक्षस’ नाटकातील हेर यमपट घेऊनच हिंडतो. ‘चित्रफीत’ हा शब्द मात्र निराळ्या कुळातला आहे. त्यातील ‘फीत’ पोर्तुगीज ‘फिता’ या शब्दापासून मराठीत आली, आणि योगायोग असा की, खुद्द पोर्तुगीज भाषेतही त्या शब्दाने चित्रपटाचा बोध होतो. आज चित्रण साठविण्यास कोणतीही फीत लागत नाही. तरी शब्द टिकून आहे. शब्द वस्तूच्या मागे उरतो, तेव्हा तो त्या वस्तूच्या इतिहासाचा साक्षीदार होतो. चित्रणाची सामग्री कधी दुर्मिळ होती व ती फुटाफुटाने मोजावी लागे, याची आठवण ‘फीत’ हा शब्द करून देतो.

२

चित्रपटनिर्मितीच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत विद्यार्थ्याने चित्रपट करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म महाग होती आणि तिचे द्रव्य नायट्रेटयुक्त असल्यामुळे ती चटकन पेट घेई. घरात, वसतिगृहात किंवा महाविद्यालयात ती बाळगणे धोक्याचे होते. १९२३ साली ईस्टमन कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटर रुंदीची, सहज न पेटणारी फिल्म बाजारात आणली, तेव्हा ही अडचण प्रथम दूर झाली. परंतु कॅमेरा, प्रक्षेपक, पडदा इत्यादींचा तो पहिला संच ३३५ डॉलरना मिळत असे. त्या काळच्या मानाने ही रक्कम मोठीच होती. धोका गेला, पण खर्च उरला. हौशी चित्रपटकार हा वर्ग अशा रीतीने सुस्थित कुटुंबांतून जन्मास आला.

या वर्गाने लवकरच संघटना उभारल्या. १९२६ साली न्यूयॉर्क येथे हायरम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकाराने हौशी चित्रपटकारांचा एक संघ स्थापन झाला. संघाने स्वतःचे मासिक चालविले आणि १९३० पासून दरवर्षी सभासदांच्या उत्तम दहा कृती निवडण्याचा उपक्रम सुरू केला. ब्रिटनमध्येही याच सुमारास हौशी मंडळांचे जाळे पसरले. १९३३ पासून ग्लासगो येथे स्कॉटलंडमधील हौशी चित्रपटांचा महोत्सव भरू लागला. विद्यार्थ्याची कृती आणि चित्रपटस्पर्धा यांची ऐतिहासिक महत्त्वाची गाठ पडली ती या महोत्सवात.

ग्लासगोच्या कलाविद्यालयात १९३२ पासून नॉर्मन मॅक्लॅरन नावाचा एक तरुण शिकत होता. त्याला चित्रपटाचा ध्यास लागला होता, परंतु आरंभी त्याच्यापाशी कॅमेरा नव्हता. त्याने चित्रपटगृहात वापरून झिजलेली एक जुनी फिल्म मिळविली, ती भिजवून तिच्यावरील प्रतिमांचा थर धुऊन काढला आणि स्वच्छ झालेल्या पारदर्शक पट्टीवर शाईने व रंगांनी प्रत्यक्ष चित्रे काढली. यंत्र नाही म्हणून हातांनी काम भागविण्याचा हा प्रयोग पुढे त्याच्या कलेचा मुख्य विशेष ठरला. १९३३ साली त्याने कलाविद्यालयाच्या एका दिवसाच्या कामकाजावर ‘सेव्हन टिल फाइव्ह’ हा चित्रपट केला, तर ‘कॅमेरा मेक्स व्हूपी’ हा चित्रपट विद्यालयातील नाताळच्या नृत्यसमारंभावर आधारलेला होता. विषय दोन्ही वेळी स्वतःच्या आवारातले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याला दूर जाऊन चित्रण करण्याचे साधन नसते, तो जवळचे पाहावयास शिकतो.

हौशी महोत्सवात त्याच्या कृती परीक्षणास आल्या, तेव्हा परीक्षक होते जॉन ग्रिअर्सन. ब्रिटनमधील माहितीपटांच्या चळवळीचे ते अध्वर्यू. ग्रिअर्सन यांनी या विद्यार्थ्यास लंडन येथील टपाल खात्याच्या चित्रपट विभागात नोकरी देऊ केली, आणि १९३६ साली मॅक्लॅरन तेथे रुजू झाला. पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात मॅक्लॅरन यांनी केलेले कार्य जगद्विख्यात आहे. त्यांच्या ‘नेबर्स’ या लघुपटास १९५२ सालचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी युनेस्कोच्या वतीने ते भारतातही येऊन गेले. अल्पखर्चात चित्रांच्या साहाय्याने लोकशिक्षण कसे साधावे, हे शिकविणे हे त्यांचे येथील काम होते. कॅमेऱ्याशिवाय चित्रपट करावयास निघालेल्या विद्यार्थ्याला पुढे असे काम मिळावे, यात एक प्रकारची सुसंगती आहे.

या प्रकरणावरून स्पर्धेच्या कार्याविषयी एक अनुमान निघते. ग्लासगोच्या महोत्सवाने मॅक्लॅरन यांना यंत्र दिले नाही, शिक्षणही दिले नाही. त्याने दिला तो एक जाणता प्रेक्षक. विद्यार्थ्याची कृती त्याच्या मित्रांच्या वर्तुळाबाहेर जाऊन ज्याचे मत मोलाचे आहे अशा अनोळखी माणसासमोर उभी राहणे, हे स्पर्धेचे पहिले आणि कदाचित सर्वांत टिकाऊ कार्य होय.

३

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रपटशिक्षण हा विद्यापीठीय विषय म्हणून स्थिरावला. मॉस्को येथील संस्था १९१९ पासून होतीच. प्राग येथील विद्यालय १९४६ साली आणि पोलंडमधील वुज येथील विद्यालय १९४८ साली सुरू झाले. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९२९ पासून चित्रपटविषयक अभ्यासक्रम चालू होता. या संस्थांमुळे विद्यार्थ्याचे स्थान बदलले. तो आता नुसता हौशी राहिला नाही. संस्थेचे कॅमेरे, संस्थेची संकलनमेजे आणि संस्थेची फिल्म त्याला मिळू लागली. त्याबरोबर स्पर्धेचेही रूप पालटले. १९६०च्या दशकात अमेरिकेत राष्ट्रीय विद्यार्थी-चित्रपटमहोत्सव भरू लागला, आणि १९७२ साली ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीने विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पुरस्कार स्थापन केले. रॉबर्ट झेमेकिस यांना १९७५ साली आणि स्पाइक ली यांना १९८३ साली हे पुरस्कार विद्यार्थी म्हणून मिळाले.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॉर्ज लुकास यांचे आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ : टीएचएक्स ११३८ ४ईबी’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा चित्रपट केला. १९६७-६८च्या राष्ट्रीय विद्यार्थी-चित्रपटमहोत्सवात तो नाट्यविभागात प्रथम आला आणि १९७१ साली त्याच कल्पनेवर त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. ही यशकथा वारंवार सांगितली जाते. तिच्यातील एक तपशील मात्र तितकासा सांगितला जात नाही. लुकास त्या वेळी नौदलातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या चित्रणवर्गास साहाय्यक म्हणून शिकवीत होते. नौदलाकडून त्या वर्गाला रंगीत फिल्म व साधने मिळत, आणि हेच विद्यार्थी या चित्रपटाचे साहाय्यकही झाले. प्रतिभेचे श्रेय यामुळे उणे होत नाही. तथापि स्पर्धेच्या निकालपत्रात दिग्दर्शकाचे नाव येते, फिल्म कोठून आली हे येत नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

फिल्मचे गणित येथे थोडक्यात मांडणे आवश्यक आहे. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने १०० फुटांचे एक रीळ २ मिनिटे ४६ सेकंदांत संपते. १९६५ साली आलेल्या सुपर-८ या स्वस्त फिल्मचे ५० फुटांचे काडतूस सेकंदाला १८ चौकटी या वेगाने ३ मिनिटे २० सेकंद चालते. शिवाय सुपर-८ची फिल्म बहुधा उलट-संस्कारित असे. म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली पट्टीच प्रक्षेपणास वापरावयाची. वेगळी प्रत काढून घेतली नसेल, तर स्पर्धेसाठी टपालाने पाठविलेली प्रवेशिका हीच कृतीची एकमेव प्रत असे. ती हरवली की कृती हरवली. अशा परिस्थितीत प्रत्येक चूक पैशांत मोजली जाई, आणि चुका करण्याची ऐपत ज्याला होती त्यालाच शिकणे परवडत होते.

४

भारतातील परिस्थिती याहून कठीण होती. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली, १९३३ साली पुण्यास आली आणि १९५०च्या दशकात बंद पडली. तिच्याच आवारात भारत सरकारने १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली, आणि १९७४ नंतर दूरचित्रवाणीचे शिक्षणही तेथे एकत्र आले. या संस्थेच्या दाराआत शिरलेल्या थोड्या विद्यार्थ्यांना कॅमेरा व फिल्म उपलब्ध झाली. संस्थेबाहेरच्या सामान्य महाविद्यालयांत मात्र चित्रपट करणे ही बाब विद्यार्थ्यांच्या आटोक्याबाहेरची होती. रंगीत फिल्म परदेशांतून आणावी लागे, आणि प्रक्रियेच्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांतच होत्या.

याच काळात महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सर्जनशील स्पर्धा कोठे बहरली, हे पाहणे उद्बोधक आहे. १९६३ साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरातील तिच्या फेऱ्या, प्रेक्षागृहातील महाविद्यालयांच्या आरोळ्या आणि निकालाच्या रात्रीचा जल्लोष यांच्या आठवणी अनेक पिढ्यांनी जपल्या आहेत. मराठी रंगभूमीला आणि पुढे चित्रपटालाही या स्पर्धेने कलावंत पुरविले. एकांकिकेला कॅमेरा लागत नाही, फिल्म लागत नाही. तालमीसाठी एखादा रिकामा वर्ग आणि संध्याकाळची वेळ पुरते. महाविद्यालयीन तरुणांची कल्पकता रंगभूमीकडे वळली याला मराठी माणसाचे नाट्यप्रेम कारण आहे, यात शंका नाही. परंतु यंत्राचा अभाव हेही त्याचे एक कारण असावे, असे म्हणावयास जागा आहे.

एकांकिका स्पर्धेने एक परंपरा मात्र निर्माण करून ठेवली. ठरावीक वेळेत प्रयोग बसविणे, नेपथ्य व प्रकाश विद्यार्थ्यांनीच सांभाळणे, परीक्षकांचा निर्णय मुकाट्याने किंवा कुरकुरत स्वीकारणे आणि पुढील वर्षी पुन्हा उतरणे, हा सारा आचारधर्म तिने रुजविला. पुढे महाविद्यालयांत लघुपटस्पर्धा आल्या, तेव्हा त्यांना हा आचारधर्म तयार मिळाला. संहिता कोणी लिहावयाची, दिग्दर्शक कोण, ‘बॅकस्टेज’ कोणी सांभाळावयाचे, ही कामाची वाटणी विद्यार्थ्यांना नव्याने शिकावी लागली नाही.

५

फिल्मची जागा चुंबकीय फितीने घेतली, तो या इतिहासातील पुढचा टप्पा. १९६७ साली सोनी कंपनीचा खांद्याला अडकवून नेता येण्याजोगा चित्रफीत-संच बाजारात आला. १९८३ साली कॅमेरा व ध्वनिचित्रमुद्रक यांना एकाच पेटीत सामावणारा कॅमकॉर्डर आला. फीत धुवावी लागत नाही, चित्रण तत्काळ पाहता येते आणि चुकलेले पुसून तीच फीत पुन्हा वापरता येते. चूक करण्याचा खर्च अशा रीतीने प्रथमच जवळजवळ नाहीसा झाला.

भारतीय विद्यापीठांत चित्रफितीची यंत्रे आली ती स्पर्धेसाठी नव्हे, अध्यापनासाठी. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून उच्च शिक्षणाचे देशव्यापी कार्यक्रम सुरू केले, आणि ते तयार करण्यासाठी पुणे विद्यापीठासह काही ठिकाणी दृक्‌श्राव्य केंद्रे उभारली गेली. तेथील कॅमेरे तज्ज्ञ कर्मचाऱ्यांच्या हाती होते. विद्यार्थी त्या पडद्यासमोर बसत असे. पडद्यामागे जाण्याची त्याची वेळ अद्याप आली नव्हती. संकलन ही दुसरी अडचण होती. फितीवरील चित्रणाची जुळणी करण्यास दोन-तीन यंत्रे व नियंत्रक लागे, आणि प्रत काढताना प्रत्येक वेळी चित्र थोडे फिकट होई.

ही अडचण १९९५ नंतर सुटली. त्या वर्षी अंकीय चित्रफितीचे कॅमेरे आले. त्यांतील चित्रण संगणकात जसेच्या तसे उतरविता येत होते. १९९९ साली ॲपल कंपनीने आपल्या घरगुती संगणकाबरोबर ‘आयमूव्ही’ ही संकलनाची सोपी प्रणाली दिली. कॅमेरा आणि संगणक अशा दोन वस्तू असल्या की आता चित्रपट होऊ शकत होता. परंतु या दोन्ही वस्तू एका विद्यार्थ्यापाशी असतीलच असे नव्हते. प्रवेशिकेचा जुना प्रश्न नव्या रूपात शिल्लक होता.

त्याचे उत्तर अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, एमरी विद्यापीठाच्या आवारात शोधले गेले. २००१ साली तेथील चार विद्यार्थ्यांनी एक स्पर्धा योजिली. तिची योजना अगदी साधी होती. उतरणाऱ्या प्रत्येक गटाला संयोजकांनी एक कॅमेरा व एक संगणक आठवडाभर वापरावयास द्यावयाचा. गटाने त्या आठवड्यात जास्तीत जास्त पाच मिनिटांचा चित्रपट पूर्ण करावयाचा, आणि मग निवडक कृती सर्वांसमोर मोठ्या पडद्यावर दाखवावयाच्या. चित्रपटाचे शिक्षण घेतलेले असण्याची अट नव्हती; रसायनशास्त्राचा किंवा वाणिज्याचा विद्यार्थीही उतरू शकत होता. हीच स्पर्धा पुढे ‘कॅम्पस मूव्हीफेस्ट’ या नावाने इतर अनेक विद्यापीठांत पसरली.

या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या एका अटीत आहे. तोवरच्या स्पर्धा विद्यार्थ्याला सांगत होत्या की, चित्रपट तयार करून आण. मग आम्ही तो पाहू. या स्पर्धेने सांगितले की, आधी यंत्र घेऊन जा. ग्लासगोच्या महोत्सवाने प्रेक्षक दिला होता. एमरीच्या विद्यार्थ्यांनी प्रेक्षकाबरोबर साधनही दिले. दारावरच्या माणसाने प्रवेशिका मागण्याऐवजी ती हातात ठेवावी, असा हा बदल होता. हा बदल कोण्या शासनाने किंवा विद्यापीठाच्या अधिकारमंडळाने नव्हे, तर विद्यार्थ्यांनीच घडवून आणला, याचीही नोंद घेतली पाहिजे.

६

मुदतीची अट हा या नव्या स्पर्धांचा दुसरा विशेष. त्याच २००१ साली वॉशिंग्टन येथे ४८ तासांत चित्रपट पूर्ण करण्याचा उपक्रम निघाला. त्यात प्रत्येक गटाला चित्रपटाचा प्रकार चिठ्ठी काढून दिला जातो. शिवाय एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य असे तीन घटक सर्वांना समान दिले जातात, व ते कृतीत आलेच पाहिजेत असा नियम आहे. भारतात २०११ साली सुरू झालेल्या ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ या उपक्रमाने ५० तासांची मुदत ठेवली आणि भ्रमणध्वनीवर चित्रण करणाऱ्यांसाठी वेगळा गट केला.

अशा नियमांकडे केवळ गंमत म्हणून पाहणे योग्य होणार नाही. आधीच तयार असलेली कृती कोणी नवी म्हणून पुढे करू नये, याचा पुरावा ठरविलेल्या वाक्यातून मिळतो. आपल्याकडील समस्यापूर्तीची रीत याच जातीची आहे. श्लोकाचा एक चरण देऊन उरलेले चरण तत्क्षणी रचावयास सांगितले म्हणजे पाठ केलेला श्लोक उपयोगी पडत नाही. बंधन हे येथे प्रामाणिकपणाचे साधन होते, आणि त्याचबरोबर रचनेला आधारही देते. दिलेल्या पाच मिनिटांत काय मावणार नाही, हे एकदा कळले की काय मावेल, याचा विचार सुरू होतो.

परंतु मुदतीचा नियम वाटतो तितका सर्वांना समान नाही. आठवड्याची किंवा ५० तासांची अट पाळण्यास त्या वेळेपुरते मोकळे असणे आवश्यक असते. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी रात्रभर चित्रण करू शकतो. शेवटची बस गाठून गावी परतणारी विद्यार्थिनी, किंवा संध्याकाळी दुकानात काम करून शुल्क भरणारा विद्यार्थी, यांना ते शक्य होत नाही. कॅमेरा उसना देता येतो. वेळ उसना देता येत नाही. यंत्राचा अडसर निघाल्यावर त्याच्या मागे दडलेले इतर अडसर दिसू लागले, असेच यास म्हटले पाहिजे.

७

भाषा हा अशा अडसरांपैकी एक होय. प्रमाणभाषेत न बोलणाऱ्या विद्यार्थ्याला आपली बोली पडद्यावर चालेल की नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एकांकिका स्पर्धांच्या इतिहासातही हा प्रश्न होता. या संदर्भात दोन अलीकडील उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण नागराज मंजुळे यांचे. पुणे विद्यापीठातून मराठी साहित्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्यांनी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथील न्यू आर्ट्‌स, सायन्स अँड कॉमर्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचा अभ्यासक्रम केला. त्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तयार केला. शिक्षणाची ओढ असूनही परिस्थितीमुळे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची ही कथा. २०१० सालासाठीच्या ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार या कृतीस मिळाला. ‘फँड्री’ व ‘सैराट’ हे त्यांचे पुढील चित्रपट सर्वश्रुत आहेत. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ही कृती चित्रपटाच्या नामांकित संस्थेतून नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आली. आणि तिचा विषयही शाळेच्या दाराबाहेर उभा राहिलेला मुलगा हाच होता. प्रवेशाचा प्रश्न येथे एकाच वेळी कृतीच्या आत आणि कृतीच्या बाहेर उपस्थित होता.

दुसरे उदाहरण पुण्यातील संस्थेचे. कान येथील महोत्सवाने १९९८ साली चित्रपटविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. २०२० साली या विभागाचे प्रथम पारितोषिक पुण्याच्या संस्थेतील अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ या कृतीस मिळाले. २०२४ साली पुन्हा याच संस्थेतील चिदानंद नाईक प्रथम आले. त्यांचा सुमारे सोळा मिनिटांचा चित्रपट कन्नड भाषेत असून गावातील कोंबडा चोरून नेणाऱ्या म्हातारीच्या लोककथेवर आधारलेला आहे. दूरचित्रवाणी विभागाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस, अवघ्या चार दिवसांच्या चित्रणात तो पूर्ण झाला. पुण्यात तयार झालेली कन्नड लोककथा फ्रान्समधील परीक्षकांना समजते, याचा अर्थ भाषा हा स्पर्धेतील अडथळा असलाच पाहिजे असे नाही. उलट, कृती ज्या बोलीत सुचली त्या बोलीत ती राहिली तर तिचे बळ टिकते, असा निष्कर्ष या दोन्ही उदाहरणांवरून काढता येईल.

८

आज यंत्राचा प्रश्न जवळजवळ मिटल्यासारखा दिसतो. २००५ साली यूट्यूब आले व प्रेक्षकाचा प्रश्न सुटला. भ्रमणध्वनीत कॅमेरा व संकलन आले आणि २०१६ नंतर भारतात जलद महाजाल स्वस्त झाले, तेव्हा साधनाचा प्रश्नही बराच हलका झाला. मग विद्यार्थ्याने स्पर्धेत उतरावे तरी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. चित्रफीत कोणालाही करता येते व जगाला दाखविता येते. तीस प्रवेशिकेची गरज काय?

वरील इतिहासातून याचे उत्तर मिळते. मॅक्लॅरन यांना स्पर्धेने एक जाणता प्रेक्षक दिला, एमरीच्या विद्यार्थ्यांना एका आठवड्याची मर्यादा दिली. अगणित प्रेक्षक मिळणे आणि एका जाणत्या माणसाने शेवटपर्यंत पाहणे, या भिन्न गोष्टी आहेत. त्याचप्रमाणे अमर्याद साधने असणे आणि काम पूर्ण होणे, याही भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांच्या कितीतरी कृती साधनांअभावी नव्हे, तर शेवटची तारीख नसल्यामुळे अपुऱ्या राहतात. स्पर्धेची तारीख ही त्यांना पूर्णत्वाकडे नेणारी गोष्ट असते.

२०२३ पासून शब्दांवरून चलच्चित्रे निर्माण करणाऱ्या संगणकप्रणाली सर्वसामान्यांच्या हाती येऊ लागल्या आहेत, आणि त्यामुळे स्पर्धांच्या अटींचा नव्याने विचार करणे प्राप्त झाले आहे. पूर्वी संयोजकांनी विचारावयाचे ते हे की, तुझ्यापाशी यंत्र आहे काय? आता विचारावे लागेल की, या कृतीत यंत्राखेरीज तुझे काय आहे? झिजलेल्या फिल्मवरील प्रतिमा धुऊन तिच्यावर आपल्या हाताने रेघा ओढणारा ग्लासगोचा विद्यार्थी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्वद वर्षांपूर्वीच देऊन गेला आहे.

तात्पर्य असे की, विद्यार्थी-चित्रफीतस्पर्धांचा इतिहास हा विजेत्यांच्या इतिहासापेक्षा दाराचा इतिहास आहे. फिल्मची किंमत, संस्थेचा प्रवेश, संकलनाची यंत्रे, मोकळा वेळ, भाषेची भीती, असे एकेक अडसर त्या दारास होते. काही निघाले, काही आहेत. स्पर्धा योजणाऱ्या महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी पारितोषिकाची रक्कम ठरविण्यापूर्वी या अडसरांची यादी करावी, हे इष्ट होय. कॅमेरा उसना मिळेल काय, सुटीच्या दिवशी चित्रण करता येईल काय, बोलीतील कृतीस समान न्याय मिळेल काय, आणि पारितोषिक न मिळालेल्या गटास परीक्षकांचे दोन शब्द ऐकावयास मिळतील काय, हे प्रश्न लहान दिसतात. पण दार त्यांच्यावरच फिरते. त्यांचे उत्तर होकारार्थी असेल, तेव्हाच स्पर्धेसाठी भरलेली प्रवेशिका त्या शब्दाच्या दुसऱ्या अर्थानेही सार्थ ठरेल, म्हणजे ती एका विद्येचे पहिले पुस्तक होईल.